हिवाळ्यातले नऊशे मीटर

कापसाची बोंडं फुटली की आमच्या जिल्ह्यात प्रशिक्षणंही फुटतात. पावसाळाभर साहेब लोकांना शाळा आठवत नाहीत असं नाही. आठवतात, पण यायचं कसं? काळ्या मातीत गाडी रुतते, बुटाला दोन-दोन किलो चिखल चिकटतो. मग दिवाळी आटोपते, थंडी पडते, वावरांमधल्या पांदणी, म्हणजे बैलगाडीच्या वाटा, वाळून खडखडीत होतात आणि एकेक सुरू होतं. तपासणी, सर्वेक्षण, माहितीच्या लिंका, नव्या धोरणाची कार्यशाळा, आणि पाच दिवसांचं नेतृत्व विकास प्रशिक्षण. मी केंद्रप्रमुख आहे. म्हणजे दहा-बारा शाळा माझ्याकडे, त्यांची देखरेख करायची आणि तालुक्याचा कागद शाळेत, शाळेचा कागद तालुक्यात पोचवायचा. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. आता या वयात माझं कसलं नेतृत्व विकसित होणार, असं घरी म्हटलं तर नवरा म्हणाला, "घरात झालंय तेवढं पुरे आहे."

प्रशिक्षणाचं मला कौतुकही वाटतं आणि वैतागही येतो. सकाळी तर्री-पोहे असतात, ते चांगले असतात. मग टाळ्यांचे प्रकार होतात. पन्नाशीच्या पुढची आम्ही माणसं पावसाची टाळी वाजवतो, आधी एका बोटानं, मग दोन बोटांनी. शिकवणाऱ्याला हल्ली सुलभक म्हणतात. यंदाचा सुलभक माझ्या मुलाच्या वयाचा होता, फार गोड बोलायचा. "नेता कसा असावा?" असं त्यानं विचारलं की मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी आम्ही लिहिणार: दूरदृष्टी, संवादकौशल्य, संघभावना. दरवर्षी तेच शब्द, फक्त पेनं नवी. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि म्हणाला, "तुमच्या स्वतःच्या नेतृत्वाचा एक प्रसंग लिहा. दहाच ओळी."

आजूबाजूला सगळे भराभर लिहायला लागले. मी खिडकीबाहेर पाहत बसले. मागं तुरीचं वावर होतं. तूर शेंगांवर आली होती, ऊन कोवळं होतं, कुठंतरी कोणी काडीकचरा पेटवला होता त्याचा वास येत होता. आठ वर्षांपूर्वीचा हिवाळा अगदी असाच होता. त्या हिवाळ्यात मी गावंडे सरांना स्कूटीच्या मागच्या सीटवर बसवून गावोगाव फिरवलं होतं.

गावंडे सर माझ्या आधीचे केंद्रप्रमुख. कानाला मफलर, गुडघ्याला पट्टा, खिशात सुपारीची डबी. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने होते आणि त्यांचा कार्यभार माझ्याकडे येणार हे ठरलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणून रोज सकाळी मी यवतमाळहून निघायची, आर्णीला त्यांच्या घरापुढं हॉर्न वाजवायची. काकू फाटकातून डबा द्यायच्या आणि म्हणायच्या, "खड्ड्यातून सावकाश न्या हो बाई, रात्रभर कण्हतात मंग." सर मागं बसून म्हणायचे, "चाला. आज कोणाची झोपमोड करायची?"

मला तो हिवाळा फार आवडला होता, हे आधी कबूल करते. तोवर माझी सगळी नोकरी एका शाळेच्या चार भिंतींत गेली होती. आता दोन्ही बाजूंनी कापसानं पांढरी झालेली पऱ्हाटी, मधून वाळलेली पांदण, थंड वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी आणि मागून सरांची अखंड बडबड. "हे वावर आपल्या चौथीतल्या पोराचं. ह्या बाईचे तिन्ही लेकरं आपल्याच शायेत शिकले. अठी थांबा, अठी बोरं आहेत." बोरं खाऊन झाली की बिया मुठीत धरून निघायचं. सरांना रस्त्यात बी टाकलेली चालायची नाही, आणि का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. महिन्यातून एकदा शिक्षण परिषद असायची, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची सभा, दर वेळी वेगळ्या शाळेत. ज्या शाळेत सभा, तिथली माणसं जेवण करायची. रोडगे, वांग्याची भाजी, कधी ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी. त्या आमटीची चव मी यवतमाळात कितीदा आणायला पाहिली, आली नाही.

सरांचा एक नियम होता. नवं परिपत्रक आलं की ते वाचून दाखवण्याआधी सगळ्यांना वर्गात पोरांजवळ अर्धा तास खाली बसवायचे. मग कागद काढायचे आणि प्रत्येक कलमानंतर विचारायचे, "हे आता ज्याच्याजवळ बसले होते त्याच्या काय कामाचं?" पुष्कळदा उत्तर यायचं, काहीच नाही. तेव्हा सर शांतपणे पुढचं कलम वाचायचे. मला हा वेळकाढूपणा वाटायचा. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली. कागदाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो. आलेला कागद त्याच दिवशी भरून परत जायला हवा, हे माझ्या रक्तातच होतं. "सर, तुमची ही पद्धत आता चालायची नाही," मी त्यांना तोंडावर सांगायची. ते म्हणायचे, "नाही चालत तर नाही. मी तरी कुठं चालून राह्यलो? तुमच्या गाडीवर बसून हावो."

सरांचा जीव खरा कुठं असेल तर तांड्यावरच्या शाळेत. आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत एक बंजारा तांडा आहे. एका खोलीची शाळा, एक शिक्षक, चौदा पोरं. शाळा समितीची अध्यक्ष सोमलाबाई. ती स्वतः कधी शाळेत गेलेली नव्हती, पण मास्तर दहा मिनिटं उशिरा आला तर फाट्यावर जाऊन उभी राहायची. तिची मुलगी पायल तेव्हा तिसरीत होती. आम्ही गेलो की सोमलाबाई वावरातून तशीच यायची, कमरेला कापसाची झोळी बांधलेली. माझ्याकडे बघून सरांना म्हणायची, "हे बाई लय बारीक हाय जी. खात नाई काय?" सर म्हणायचे, "कागद खाते." आणि दोघं हसायची. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

पायल फार बोलकी. घरात आईला याडी म्हणायची आणि शाळेत चुकून मलाही एकदा म्हणाली, मग जीभ चावून पळून गेली. तिच्या पाटीवर तिनं आमच्या स्कूटीचं चित्र काढलं होतं. त्यात सर गाडीपेक्षा मोठे होते.

डिसेंबर अर्धा सरला होता. सर मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला चार दिवस रजेवर गेले आणि नेमकं तेव्हा धोरण बदलल्याचं पत्र आलं. कमी पटाच्या शाळांची माहिती लिंकवर भरा. पट किती, जवळची दुसरी शाळा किती अंतरावर. एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल तर लहान शाळा तिच्यात मिळवायचा विचार होणार होता. वर लाल अक्षरांत 'अतितातडीचे'. मला काय, हुरूपच आला. सर नाहीत, आता दाखवते कागद कसा भरतात ते. आणि मी काही खोलीत बसून अंदाजानं ठोकून दिलं नाही बरं का. मी स्वतः तांड्यावर गेले, गाडीचा काटा पाहिला आणि पांदणीनं सरळ मोठ्या गावातल्या शाळेपर्यंत गेले. नऊशे मीटर. मुद्दाम परत तेवढंच अंतर उलटं मोजलं. परत नऊशे. त्याच दुपारी लिंक भरली. तालुक्यात सगळ्यात पहिली माहिती माझी. मोबाईलवरच्या ग्रुपवर साहेबांनी माझं नाव घेऊन अभिनंदन केलं, खाली अंगठ्यांची रांग लागली. मी ते घरी सगळ्यांना दाखवलं.

सर परत आले. फाटकाशी उभ्या उभ्याच मी त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, "अन् नाल्याचं काय केलं?"

मी म्हटलं, "कोणता नाला?"

सरांनी चष्मा खिशात घातला. गाडीवर बसले, म्हणाले, "चाला." पांदणीत अर्ध्या वाटेवर त्यांनी मला थांबवलं. दोन्हीकडे रुईची झुडपं, मध्ये वाळू आणि गोटे, त्यातून बैलगाडीच्या चाकोऱ्या गेलेल्या. मी दोनदा त्यावरून गाडी नेली होती आणि मला तो फक्त जरा खोलगट रस्ता वाटला होता. सर रुईच्या झाडाला हात लावून उभे राहिले. माझ्या कमरेच्या वर, जवळजवळ छातीशी, फांद्यांत मागच्या पुराचा वाळका पाला अडकून राहिला होता. "एवढं पाणी राह्यते बाई. जून ते ऑक्टोबर. मंग लेकरं डांबरी रस्त्यानं फिरून गेले तर साडेचार किलोमीटर होते." थोडं थांबून म्हणाले, "तुमची चूक नाही म्हणा. आपला सगळा कारभार हिवाळ्यात पाह्यते. हिवाळ्यात आपल्याकडं नाले नसतेच."

चूक माझीच होती. नाल्यातून दोनदा गेलेल्या बाईला नाला दिसला नाही, ती चूक आणखी कोणाची असणार?

मी लगेच दुरुस्तीसाठी फोन केले. लिंक बंद झाली होती. लेखी पत्र दिलं. ते पुढं पाठवलं आहे असं कळलं, मग त्याबद्दल काहीच कळलं नाही. मी कार्यालयात जाऊन बसायची, साहेब भले होते, चहा द्यायचे. "मॅडम, तुम्ही स्वतः मोजून भरलंय ना? मग आता मी कोणत्या तोंडानं वर सांगू?" असं म्हणायचे. बरोबरच होतं त्यांचं. मी इतकं नेटकं भरलं होतं की त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

सरांनी मला एकच गोष्ट सांगितली. "तांड्यावर जा अन् त्याईले सांगा. कागद आला म्हून शाया गेली असं त्याईले वाटू देऊ नका. आपल्या हातानं झालं, ते आपण सांगावं. शिव्या देतीन, खाऊन घ्या." मी हो म्हटलं. आणि गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन. एकदा तर फाट्यापर्यंत गेले. वावरात बाया कापूस वेचत होत्या, कोणीतरी गाणं म्हणत होतं, सोमलाबाईची हिरवी ओढणी ओळखू आली. मी गाडी वळवली आणि परत आले. सरांना खोटंच सांगितलं की सगळी माणसं कामावर होती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेला मी आजतागायत घाबरते.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. मीही बोलले, चांगलं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जूनमध्ये तांड्याची शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवली. दाराला कुलूप लागलं. चौदा पोरांची नावं मोठ्या शाळेच्या पटावर आली. पहिले चार दिवस ती आलीही. मग पाऊस लागला. सगळ्यांत आधी मुली थांबल्या. मुलांना कोणी ना कोणी मोटरसायकलवर सोडायचं, मुलींसाठी कोण गाडी काढतो? पायल हिवाळ्यात यायची, पावसाळ्यात घरी बसायची. असं दोन वर्षं चाललं. सहावीत ती आलीच नाही. आणि दरवर्षी शाळाबाह्य मुलांच्या माहितीचा कागद आला की मी त्यावर 'निरंक' लिहून सही करायची. म्हणजे आमच्या केंद्रात शाळेबाहेर एकही मूल नाही. सगळेच लिहितात, मीही लिहिलं. नावं पटावर होतीच की. हे लिहिताना मी कधी क्षणभरही थांबले, असं खोटं सांगणार नाही.

सरांकडे मी जायची, सणावाराला, मुलीच्या बाळंतपणाला. तांड्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. अंत्ययात्रेला सगळ्या केंद्रातली माणसं आली होती. मी गर्दीत तांड्याचं कोणी दिसतं का ते पाहत होते. एकही जण नव्हता. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. या माणसानं तांड्यासाठी एवढे हेलपाटे घातले आणि ही माणसं साधं तोंड दाखवायला आली नाहीत! माणसं किती लवकर विसरतात, असं मी येताना नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

हे सगळं दहा ओळींत कसं बसणार? सुलभक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, काहीच नाही लिहिलं?" मी म्हटलं, "बाळा, माझा प्रसंग अजून झाला नाही." त्याला ते बहुधा छान वाटलं. सगळ्यांना सांगायला लागला की पाहा, शिकण्याला वय नसतं. मी पर्स उचलली आणि पोटात दुखतंय सांगून बाहेर पडले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत अशी पहिल्यांदा पळाले.

तांडा दूर नव्हता. फाट्यावर स्कूटी लावली. आठ वर्षांत मी तिथं उतरले नव्हते. शाळाच नाही तर भेट कशाची, असं स्वतःला सांगत आले होते. तोच पांढराधोप कापूस, तेच मऊ ऊन. वावराच्या कडेला, धुऱ्यावर, बोरीला बोरं लागली होती. वावरातून एक पोरगी पदर खोचून धावत आली. उंच, सावळी, हातांना बोंडांचे ओरखडे.

"बाई! वळखलं का? मी पायल."

ओळखलं. डोळे तेच होते. काय करतेस विचारायची गरज नव्हती, झोळी कापसानं भरलेली होती. ती मात्र भडाभडा बोलत होती. भावाचं लग्न झालं, म्हैस घेतली, मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिवण शिकून राह्यली. मधेच म्हणाली, "बाई, तुमी आता मोठ्या साहेब झाल्या म्हनते?" मला ते सहन होईना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पायल, ऐक. तुझी शाळा माझ्यामुळे बंद पडली. मी नाला न पाहता नऊशे मीटर लिहिलं."

तिला ते पटलंच नाही. "नाई बाई, तुमी नाई. गावंडे सर आल्ते न तांड्यावर. रिटायर व्हायच्या दोन दिस आंधी, पायी पायी, काठी टेकत. सगळ्याईले जमा केलं अन् सांगतलं, आकडा म्या लेहला, चूक माही हाय. याडीनं लय शिव्या देल्या त्याईले. पानी बी पेऊ देल्लं नाई. मंग त्याईच्या मयतीले बी आमच्यातलं कोनी गेलं नाई."

मी तिथंच धुऱ्यावर बसले. मला रडू आलं आणि ते मी थांबवलं नाही. पायल घाबरली, पाण्याची बाटली आणायला पळाली. सर मला काहीच बोलले नव्हते. सहा वर्षं मी त्यांच्या घरी चहा पीत होते आणि ते माझ्या वाट्याच्या शिव्या खाऊन बसलेले होते.

मग उठले. "याडी कुठं आहे तुझी?" पायलनं बोट दाखवलं. मी साडी आवरून पऱ्हाटीतून आत गेले. सोमलाबाई वाकून वेचत होती, केस पांढरे झालेले. मला पाहून तिनं कंबर सरळ केली, पण राम राम केला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर रजेवर होते हे, मी मोजलं हे, मी भरलं हे, ग्रुपवर माझं कौतुक झालं हे. त्यांनी मला सांगायला पाठवलं आणि मी आले नाही, हेही. बाकीच्या बाया पऱ्हाटीच्या आपापल्या ओळीत थांबून ऐकत होत्या.

 मी वाट पाहत होते, सोमलाबाई आता काय म्हणते याची. तिनं कमरेची झोळी सोडली, कापूस तसाच जमिनीवर ठेवला, ओढणीनं तोंड पुसलं.

"त्याईची बायको हाय न अजून?"

"आहेत. घरी एकट्याच असतात."

"चाल मंग, तुह्या गाडीवर घेऊन चाल मले," ती म्हणाली. "पयले त्या माऊलीच्या पाया पडतो. तुले मंग बोलतो."